टिंब आणि रेघ

हॉस्पिटलमध्ये त्यांना सगळे खात्रीबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागे काय चालतं हे बाईंना समोरच्यापेक्षा नेहमीच जास्त ठाऊक असे. कुणी येऊन सांगावं की खालचा प्रिंटर सुरू झाला, की बाई चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघत आणि विचारत, "खात्री आहे?" सांगणारा बिचारा पुन्हा जिना उतरून प्रिंटर बघून यायचा. एखाद्या वेळी तो खरंच बंद पडलेला निघायचा, आणि तेवढ्या एका वेळेवर बाईंचा संशय पुढे महिनाभर पोसला जायचा.

मनाने बाई वाईट नव्हत्या. कुणाचं मूल आजारी पडलं तर त्याची पाळी न सांगता स्वतःकडे घेणाऱ्या त्याच. फक्त, मूल खरंच आजारी आहे ना, हे त्या आधी विचारून घेत.

हॉस्पिटलचा डेटाबेस, म्हणजे तिथे आल्या-गेल्या प्रत्येक रोग्याची माहिती जिथे साठवलेली असते ती जागा, गेली अनेक वर्षं बाईंच्या हातात होती. तळघरातल्या थंड खोलीत एक जुना सर्व्हर घरघरत बसलेला असे आणि त्या खोलीची किल्ली बाईंच्या पर्समध्ये असे. कुलूप बसवलं होतं खुद्द बाईंच्या यजमानांनी. घराखालीच त्यांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान होतं. लग्न ठरलं तेव्हा नातेवाईक म्हणाले होते, एक जण उघडणार, दुसरी लावणार, संसार सुखाचा होईल. तसा तो झालाही.

मग टोपीवाला आला.

जुन्या यंत्रणेचे भाग मिळेनासे झाले होते. ती बनवणाऱ्या कंपनीने हात वर केले होते. तेव्हा हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, त्यांनी ठरवलं की सगळी माहिती नव्या डेटाबेसमध्ये न्यायची. हा डेटाबेस तळघरात नसणार. तो कुठेतरी दूर, भाड्याच्या यंत्रांवर राहणार, आणि इथे प्रत्येक वॉर्डात ब्राउझर उघडला की रोग्याचं पान समोर येणार. हे काम करायला जो तरुण नेमला, तो घरातही टोपी घालून बसत असावा असा बाईंना संशय होता.

टोपीवाल्याची काम करायची तऱ्हाच वेगळी. तो स्वतः फारसं लिहीतच नसे. पडद्याच्या एका बाजूला चौकट होती. तिच्यात तो साध्या भाषेत लिहायचा की मला असं असं पान हवं आहे, रोग्याचं नाव वर, वॉर्ड खाली. की एक प्रोग्राम आपला आपण कोड लिहायला लागायचा. त्या प्रोग्रामला तो मदतनीस म्हणे. बाईंनी आयुष्यभर डेटाबेसला विचारायचा एकेक प्रश्न हाताने लिहिलेला. एक स्वल्पविराम चुकला तर अख्खी दुपार पाण्यात जायची. आणि इथे हा पठ्ठ्या टोपी मागे सरकवून चहा पीत बसलेला, पडद्यावर मात्र ओळींमागून ओळी पडताहेत. बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

पहिल्याच आठवड्यात त्याने बाईंना विचारलं की नोंदणीच्या खिडकीत एक दिवस बसू का, माहिती भरतात कशी ते बघायचं आहे. बाईंचे कान टवकारले. रोग्यांचे चेहरे, नावं, पत्ते, दुखणी सगळं त्या खिडकीतून आत येतं. याला ते कशाला बघायचं आहे? त्यांनी गोड आवाजात सांगितलं की तिथे गर्दी असते, जे विचारायचं ते मला विचारा. आणि खिडकीतल्या वहिनींना जाऊन बजावलं की टोपीवाला काही विचारायला आला तर ताकास तूर लागू द्यायची नाही.

बाईंची नाराजी मोठ्या मॅडमच्या कानावर गेलीच. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं, "शनिवारी जुनी यंत्रणा बंद करायची आहे. त्याआधी नव्या यंत्रणेत एक चूक दाखवा. एकच, पण खरी. मी थांबवते. नाही दाखवता आली तर सही करून मोकळ्या व्हा."

सही केली की तळघरातला सर्व्हर कायमचा बंद. त्यानंतर बाईंना भांडार विभागात चादरी-उशांवर नेमणार, अशी कुजबूज होतीच. बाईंना चादरींचं वाईट वाटत नव्हतं. वाटत होतं ते याचं, की इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून राखलेली माणसांची माहिती अशा एकाच्या हाती जाणार, ज्याला काय लिहिलं गेलं हे स्वतःलाच नीट माहीत नाही.

तेव्हा बाई चुकीच्या मागे लागल्या.

नव्या यंत्रणेत एक सोय होती. डॉक्टरांनी साध्या भाषेत प्रश्न विचारायचा, मदतनीस तो डेटाबेसच्या भाषेत उतरवून उत्तर आणून देणार. बाईंनी विचारलं, पेनिसिलिन न चालणारे रोगी किती? उत्तर आलं. मग तोच प्रश्न त्यांनी जरा फिरवून विचारला, पेनिसिलिनचा त्रास होतो असे किती? उत्तर वेगळं आलं. बाईंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तेज आलं. त्या तडक टोपीवाल्याच्या टेबलाशी गेल्या.

त्याने बघितलं आणि मान डोलावली. बरोबर आहे, म्हणाला, दुसऱ्या वेळी वारलेले रोगीही धरले गेले. चौकटीत दोन ओळी लिहिल्या, आणि त्याच्या कपातला चहा निवायच्या आत दोन्ही उत्तरं सारखी येऊ लागली. वर "छान पकडलंत बाई" असंही म्हणाला. हे बाईंना मुळीच आवडलं नाही. जी चूक इतक्या चटकन दुरुस्त होते ती कुणाला तरी आधीच माहीत असते, असं त्यांचं मत पडलं. आणि कौतुक करणाऱ्या माणसाला तर त्या जन्मापासून भीत होत्या.

बुधवारी संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा यजमान दुकानात एका पेटीचं कुलूप उघडत बसले होते. बाई समोरच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सगळं मन मोकळं केलं. कुठेतरी पाणी मुरतंय, पण ओल कुठे दिसत नाही, असं म्हणाल्या.

"त्या टोपीवाल्याचे माझ्यावर उपकार आहेत," यजमान वर न बघता म्हणाले. "महिनाभर माझे खिसे कुणी तपासले नाहीत."

"थट्टा नको. ते यंत्र काहीतरी लपवतंय."

"अगं, यंत्र काय लपवणार? माझ्याकडे कुणी किल्ली करून मागायला आलं, तर मी किल्लीकडे बघत नाही. कोण मागतोय आणि काय सांगून मागतोय, ते बघतो. किल्ली सांगू तशी होते." त्यांनी तार फिरवली आणि पेटीचं कुलूप खट्कन उघडलं. "तू त्या मदतनिसावर डोळे लावून बसलीस. त्याला सांगितलं काय गेलं, ते बघ की."

फक्त ती पेटी कुणाची, आणि ती त्याचीच आहे कशावरून, एवढं विचारून बाई वर गेल्या.

गुरुवारी त्यांनी औषधाच्या ॲलर्जीचा रकाना उघडला. कोणत्या रोग्याला कोणतं औषध सोसत नाही, ते इथे लिहिलेलं असतं. नव्या डेटाबेसमध्ये तो रकाना बघून बाईंना बरं वाटायला हवं होतं. एकही जागा रिकामी नाही, अर्धवट शब्द नाही. जिथे औषध लिहिलेलं नव्हतं तिथे प्रत्येक ठिकाणी स्वच्छ अक्षरांत "काही नाही". इतकं नीटनेटकं घर बघितलं की बाईंना नेहमी प्रश्न पडे, यांनी पसारा कोंबला कुठे?

ओळखीच्या माणसाची नोंद उघडून बघायची, ही त्यांची जुनी पद्धत. त्यांनी फाटकावरच्या दरवानकाकांची उघडली. काकांचं हर्नियाचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात होतं, त्यामुळे त्यांचं पान वॉर्डात सारखं उघडलं जाणार होतं. आणि काकांची गोष्ट तर हॉस्पिटलभर सगळ्यांना पाठ होती. कुठल्याशा दवाखान्यात त्यांना दुखण्यावरचं इंजेक्शन दिलं, आणि तोंड असं काही सुजलं की घरी दार उघडून बायकोने विचारलं, "कोण पाहिजे?" ही गोष्ट काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

नव्या पानावर काकांच्या नावापुढे होतं, औषधाची ॲलर्जी: काही नाही.

बाई ताठ बसल्या. त्यांनी जुनी यंत्रणा उघडली. तिथे त्याच जागी एक आडवी रेघ होती. बस्स, एक रेघ.

या रेघा आणि टिंबं बाईंना ठाऊक होती. फार पूर्वी खिडकीतल्या मुली हा रकाना सर्रास रिकामा सोडत. बाईंना वाटलं, या आळस करतात. म्हणून त्यांनीच यंत्रणेत अशी अट घातली होती की या रकान्यात काहीतरी लिहिल्याशिवाय पुढचं पान उघडणारच नाही. मग मुली पुढे जायला कुठे टिंब टाकत, कुठे रेघ मारत. बाईंनी ते बघून नाक मुरडलं होतं, आणि हाताला येईल ते बटण दाबतात असं समजून सोडून दिलं होतं. आज पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, की हाताला येईल ते, याची खात्री काय?

त्या नोंदणीच्या खिडकीत गेल्या. तिथल्या वहिनी जवळजवळ बाईंइतक्याच जुन्या. जाडजूड, हसऱ्या, आणि रोग्यांशी बोलता बोलता त्यांच्या तीन पिढ्यांची चौकशी करणाऱ्या. बाईंना बघताच त्या सावध झाल्या.

"मी टोपीवाल्याशी एक अक्षर बोलले नाही हो," त्या म्हणाल्या. "परवा जिन्यात हसला, तर मी हसलेसुद्धा नाही."

बाईंनी ते बाजूला सारलं आणि विचारलं, ॲलर्जीच्या रकान्यात तुम्ही कधी टिंब टाकता, कधी रेघ मारता, ते कशावरून?

वहिनींनी असं बघितलं की जणू बाईंनी त्यांना चहा कशाने पितात असं विचारलंय. "अहो, टिंब म्हणजे विचारलं, काही नाही म्हणाले. रेघ म्हणजे विचारताच आलं नाही. बेशुद्ध आणलेला, किंवा तान्हं पोर, सोबत कुणी नाही. त्याला काय विचारणार? रेघ मारायची. वर वॉर्डातल्या सिस्टर रेघ बघतात आणि माणूस शुद्धीवर आला की विचारतात."

"हे कुणी ठरवलं?"

"कुणी म्हणजे? माझ्या आधीच्या बाईंनी मला दाखवलं, मी पुढच्यांना दाखवलं. तुमचं ते यंत्र काही लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, मग करायचं काय?" मग त्यांचा आवाज जरा पडला. "का हो, चुकलं का आमचं?"

"तुमचं नाही," बाई म्हणाल्या.

त्या तिथेच खिडकीच्या कडेला उभ्या राहिल्या. दरवानकाकांना मागे एकदा फाटकावर चक्कर आली होती, बेशुद्ध उचलून आत आणलं होतं. वहिनींनी रेघ मारली होती. काका तासाभरात उठून चालायला लागले, घरी गेले, रेघ तशीच राहिली. जुन्या यंत्रणेत ती रेघ बघून कुणीतरी काकांना विचारलं असतं. नव्या पानावर "काही नाही" वाचून कोण कशाला विचारेल? आणि अशा रेघा आणखी किती असतील?

हवी होती ती चूक सापडली होती. एकच, पण खरी. जिना चढताना बाईंनी बोलायची वाक्यंही जुळवून ठेवली. टिंब आणि रेघ एकाच पोत्यात भरायला मदतनिसाला कुणी सांगितलं, हे त्या टोपीवाल्याला विचारणार होत्या, आणि तो कसा गडबडतो ते डोळे भरून बघणार होत्या.

टोपीवाला गडबडला नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मग त्याने मागची बरीच पानं सरकवत पडद्यावर काहीतरी शोधलं आणि खुर्ची बाजूला केली.

"हे वाचा, बाई. याने मला विचारलं होतं."

मदतनिसाने लिहिलं होतं की या रकान्यात दोन वेगवेगळ्या खुणा वारंवार दिसतात, त्यांचा अर्थ एकच आहे की वेगळा, हे भरणाऱ्यांना विचारून सांगा. त्याखाली टोपीवाल्याचं उत्तर होतं. दोन्ही एकच समज, "काही नाही" लिही, पुढे चल. आणि मदतनिसाने तसं केलं होतं.

"मग विचारलं का नाहीत?" बाई म्हणाल्या. आवाजात धार होती.

"तुम्हाला विचारलं होतं," टोपीवाला हळूच म्हणाला. "खिडकीत बसू देता का, म्हणून आधी विचारलं. मग त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत या खुणांचंही विचारलं. तुम्ही म्हणालात, नोंदणीचं मी बघते, तुम्ही तुमचं बघा. मी एकदा वहिनींकडेही गेलो. त्यांनी मिठाची गुळणी धरली. मग मी वैतागलो आणि टाकलं ढकलून. ते माझं चुकलंच."

बाईंना ती जेवणाची सुट्टी आठवली. खुणांचं त्याने विचारलेलं त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. हा खिडकीकडे जायला नवी वाट काढतोय, एवढंच तेव्हा दिसलं होतं. आणि मजा अशी, की महिनाभर ज्याच्यावर त्या सगळ्यात जास्त डोळे वटारून होत्या, शंका काढली होती ती फक्त त्या मदतनिसाने.

घेऊन आलेलं एकही वाक्य त्यांच्या उपयोगी पडलं नाही. त्या "बरं" म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या.

शनिवारी मोठ्या मॅडमच्या खोलीत तिघंच होते. मॅडमसमोर सहीचा कागद होता. त्यांनी चूक सापडली का म्हणून विचारलं आणि बाईंनी टिंब आणि रेघ समजावून सांगितली, दरवानकाकांच्या पानासकट. मॅडम डॉक्टर होत्या, त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. त्या टोपीवाल्याकडे वळल्या. "तुम्ही कुणाला विचारलं नाहीत?"

टोपीवाल्याने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. बाईंनी त्याचे केस पहिल्यांदाच बघितले. "माझंच राहिलं, मॅडम," तो म्हणाला.

बाईंनी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघितलं. हा माझी चूक का झाकतोय? पुढे कधीतरी याची परतफेड मागणार की काय? त्यांनी त्याचा चेहरा चांगला निरखला. त्यात घाबरलेला एक माणूस सोडून त्यांना काही सापडेना. हे त्यांना फार अवघड गेलं.

"त्याने विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "मीच त्याला खिडकीजवळ फिरकू दिलं नाही. वहिनींनाही मीच गप्प केलं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग ही चूक कुणाची धरू मी?"

"ती कुणाची का असेना. एक चूक दाखवली की थांबवायचं तुम्ही कबूल केलं होतंत."

मॅडमना हसू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. जुनी यंत्रणा त्या दिवशी बंद झाली नाही. ठरलं असं, की रेघवाल्या प्रत्येक नोंदीवर ठळक अक्षरांत "विचारलेलं नाही" असं यावं, टिंबवालीवर "विचारलं, नाही म्हणाले", आणि वहिनींनी बघून हो म्हटल्यावरच सर्व्हर बंद करावा. भांडार विभागाचं काय, हे बाईंनी विचारलं नाही आणि मॅडमनीही काढलं नाही. मॅडमनी ते का काढलं नसावं, हा विचार बाईंनी सवडीने करायला बाजूला ठेवला.

सोमवारी टोपीवाला नोंदणीच्या खिडकीत वहिनींच्या शेजारी स्टुलावर बसला. अर्धी सकाळ वहिनींनी त्याच्या घरी कोण कोण असतं, आई काय करते आणि तो सारखी टोपी का घालतो, याची चौकशी केली. उरलेल्या अर्ध्या सकाळी त्याने वहिनी माहिती कशी भरतात ते बघितलं. दरवानकाकांना फाटकावरून बोलावून आणलं. सुजलेल्या तोंडाची गोष्ट त्यांनी साभिनय सांगितली, पण इंजेक्शनचं नाव काही त्यांना आठवेना. शेवटी बायकोला फोन लावला, तिला ते तोंडपाठ होतं. काकांच्या पानावर ते नाव चढलं. बाईंनी ते तिच्याकडून पुन्हा एकदा अक्षर अक्षर वदवून घेतलं.

दुपारी टोपीवाल्याने तिथेच खिडकीमागे बसून मदतनिसाला सगळ्या खुणा नव्याने लावायला सांगितलं. बाई त्याच्या पाठीमागे उभ्या होत्या. चौकटीत प्रश्न उमटला, पुढे जाऊ का? टोपीवाल्याने बटणावरचं बोट उचललं आणि मान वळवून बाईंकडे बघितलं.

"त्याला विचार," बाई म्हणाल्या, "खात्री आहे का म्हणून."

टोपीवाल्याने तसंच्या तसं लिहिलं. उत्तर यायला जरा वेळ लागला. काही नोंदींत टिंब आणि रेघ दोन्ही एकत्र आहेत, त्यांचा अर्थ मला ठरवता येत नाही, कृपया भरणाऱ्यांना विचारा.

बाईंनी ते एकदा वाचलं. मग यात याचा डाव काय असेल, हे बघायला पुन्हा वाचलं.

"हं," त्या म्हणाल्या, आणि खिडकीकडे वळून त्यांनी हाक मारली, "वहिनी, जरा इकडे या. तुमचं काम आहे."